मेणाच्या मूर्तींचे अडलेले फोटो

"राव सार, फोटो आजही अडलेत. शुक्रवारपर्यंत जमलं नाही, तर काम चेन्नईवाल्यांना देतो."

सुंदरम मुदलाळींचा फोन. मुदलाळी म्हणजे मालक. त्यांचा ब्राँझच्या मूर्तींचा कारखाना स्वामीमलैला आणि ऑफिस इथे कुंभकोणमात. कारागीर आधी मेणाची मूर्ती घडवतो. तिचे फोटो ऑफिसच्या 'न्यू ऑर्डर' फोल्डरमध्ये येतात आणि तिथून परदेशी गिऱ्हाइकाला जातात. त्याचा होकार आल्याशिवाय ओतकाम सुरू होत नाही. फोटो पोचवणारी स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला लिहून दिलेलं काम, माझी होती. गावातलं माझं मोठं गिऱ्हाईकही हे एवढंच.

स्क्रिप्ट भिडस्त. आधी फोल्डरला विचारते, आत लिहू का? 'नाही' आलं की फोटो तसाच टाकून परत फिरते. हे 'नाही' कधी सकाळी यायचं, कधी भर दुपारी, कधी दुपार कलल्यावर. मी तपासायला गेलो की परवानगी जागच्या जागी! माझं डोकं फिरायची वेळ आली.

बुधवारी मी ऑफिसातच ठाण मांडलं. घरून बायकोचा फोन, आमच्या घरच्या जुन्या वळणाच्या मराठीत. "जेवावयास येतां कीं नाही?"

"फोल्डरास पकडल्यावांचून येत नाही."

"मग बसा तिथेंच."

तेवढ्यात मुदलाळी आले. घड्याळ पाहिलं. कॉम्प्युटरपुढे बसून फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, 'डिनाय', म्हणजे मनाई. उठले आणि कॉफीला निघाले.

"सार! हे काय केलंत?"

"राहुकालम लागला."

राहुकाल रोज वेगळ्या वेळी येतो, दीड तास राहतो. त्यात आमच्याकडे कुणी नवं काम सुरू करत नाही. स्टाफपैकी कुणी चुकून त्या वेळी नवी ऑर्डर उघडू नये, म्हणून पुतण्याने त्यांना ही युक्ती शिकवली होती. राहुकाल संपला की ते परवानगी पुन्हा चालू करत.

"अहो, पण त्याने फोटोही अडतात!"

"मी फक्त ऑर्डर थांबवतो," ते शांतपणे म्हणाले. "फोटो तुमची स्क्रिप्ट थांबवते."

मी कपाळावर हात मारला. मग तिथेच बसून स्क्रिप्ट बदलली. आता 'नाही' ऐकलं की ती परत फिरत नाही, थोड्या थोड्या वेळाने पुन्हा विचारत राहते. चालू करणार, तोच मुदलाळींनी माझा हात धरला.

"आत्ता? राहुकालमात?"

मग दोघंही कॉफीला गेलो.

फोटो गेले, होकार आला, काम माझ्याकडेच राहिलं. धडा एवढाच, की फोल्डर स्वतःहून कुणाला नाही म्हणत नाही. त्यामागे माणूस असतो, आणि बहुधा तोच तुमच्याकडे तक्रार घेऊन आलेला असतो.