मागाच्या खड्ड्यात उतरलेले पाय

माझा बाप विणकर, खड्ड्याच्या मागावर बसे. पाय खाली सोडायचे, अनवाणी बोटांनी खालच्या फळ्या दाबायच्या, वर हातानं सुताचा धोटा फेकायचा. मीही तेच शिकलो. शाळा दुसरीतच सुटली. तेव्हा माझी पायाची बोटं हाताच्या बोटांसारखी फळी धरत.

पुढं एका कारखान्यात चौकीदारी मिळाली, सोबत जाड तळाचे बूट. कित्येक वर्षं ते घालूनच फिरलो. बुटांचा रुबाबच तसा होता.

मग कारखाना बंद पडला, आणि त्याच उन्हाळ्यात पोरीचं लग्न खापा गावच्या पोराशी ठरलं. आमच्या घरी पोरगी सासरी जाताना बापाच्या मागावरचं लुगडं नेसूनच उंबरा ओलांडते. सक्करदऱ्याच्या आमच्या घरात धूळ खात पडलेल्या मागावर सूत चढवलं आणि खड्ड्यात उतरलो.

बोटं फळीवरून घसरू लागली. तळव्यात गोळा येई, पोटरी लटलटे. शेजारच्या म्हाताऱ्या विणकरानं आधी स्वतःच्या पावलाला सूत गुंडाळून गाठ मारली. तेच सूत माझ्या पावलात घातलं, तर ढिलं पडलं; बुटात राहून पाऊल बारीक झालं होतं.

"चौकीदार, कारखाना राखला, पाय कोणं राखाचे होते गा?"

मी बूट फेकले. वस्तीजवळच्या तलावाच्या काठानं अनवाणी चालू लागलो. पाय सुजले.

"काहून जीव काढून राहिले जी?" बायको म्हणाली. "दुकानातलं आणू."

"मी मेलो का?"

धोट्याच्या खडखडाटात माझं रडणं कोणाला ऐकू गेलं नाही. लग्न दारात आलं तरी कापड अर्ध्यावरच. पोरगी मागाजवळ येऊन बसली.

"बाबा, झालं तेवढं कापून द्या. खांद्यावर घेईन मी."

"अर्धं कापड माह्या मागावरून उतरत नाही."

ती दुकानातलं लुगडं नेसून गेली. मी दारात उभा होतो. सुजलेल्या पायांवर भार पेलवेना, म्हणून चौकट धरली होती.

पावसाळा सरता सरता तळव्याला मांस धरलं, बोटं फळीला चिकटू लागली. म्हाताऱ्याचं सूत आता पावलात शिरेना. लुगडंही पुरं झालं.

दिवाळीत पोरगी आली. "आता तरी द्या, नेसते."

"नाही. ते जायच्या दिवसाचं होतं."

ती खाप्याला परत गेली. मी खड्ड्यात उतरलो आणि रिकाम्या मागाच्या फळ्या दाबत बसलो. दाबतच राहिलो. पाय काही थकेनात.