डाळिंबी ठिपका

आमच्या क्लबातल्या फिटरकाकांच्या उजव्या अंगठ्याचं नख बोटाच्या पुढे चांगलं अर्धा सेंटिमीटर आलेलं असायचं. बाकीची नऊ नखं मुळापर्यंत कापलेली आणि हे एकच वाढवलेलं, कानशीने घासून सरळ धारेला आणलेलं. नवीन माणसाला वाटायचं, म्हातारा शौकीन दिसतोय. मलाही वाटलं होतं आणि मी ते पहिल्याच आठवड्यात मोठ्याने बोलूनही दाखवलं होतं. जीभ माझी कधीच ताब्यात नव्हती. नको तिथे मात्र ती गप्प बसली, त्याचंच हे सांगणं आहे.

क्लब म्हणजे काय, कांजूरमार्गला एका बंद कारखान्याची शेड. पंचवीस मीटरची एअर रायफलची रेंज, वर पत्रा, मे महिन्यात नुसती भट्टी. कोपऱ्यात काकांचं टेबल. मूळ गाव कुडाळजवळ, तरुणपणी गिरणीत, मग विक्रोळीला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर. रिटायर झाल्यावर कुणीतरी एक बिघडलेली रायफल दाखवायला म्हणून त्यांना इथे आणलं आणि ते इथलेच झाले.

त्या नखाचं काम मला चाळिशी लागली तेव्हा कळलं. उघड्या डोळ्यांनी नेम धरताना मला रायफलीची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, दिसायची तर लक्ष्य दिसायचं नाही, आणि लक्ष्य दिसलं तर माशी पुसट. दुर्बीण लावण्यावाचून गत्यंतर नव्हतं. रायफलीच्या पाठीवर दोन बारीक खाचा असतात. त्यांत रेल म्हणून एक पट्टी चिमट्यासारखी पकडून बसवतात आणि त्या पट्टीवर दुर्बीण चढते. रेल बसवण्याआधी काका खाच फडक्याने पुसायचे आणि मग डोळे मिटून ते नख खाचेतून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचे. केसाएवढा कण असला तरी नख अडायचं. "आधी नख, मगे स्क्रू," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. खाली कण राहिला तर रेल तिरकी बसते, रेल तिरकी तर दुर्बीण तिरकी, आणि पुढे नेमबाज स्वतःला दोष देत बसतो.

रेल निवडण्यात त्यांनी माझा अक्षरशः अंत पाहिला. मी ऑनलाइन एक लांबलचक, उंच, काळीभोर रेल मागवली. काय झकास दिसत होती! काकांनी ती हातात घेतली, व्हर्नियर लावून माप घेतलं आणि म्हणाले, "ही वीस मिलिमीटरवाल्यांची. तुझी खाच अकराची. परत धाड." दुसरी आणली ती मापाची होती, पण उंच. त्यांनी मला डोळे मिटून गाल रायफलीच्या लाकडावर टेकवायला लावला आणि मग म्हणाले, "आता उघड. काय दिसतं?" दिसत होता दुर्बिणीचा खालचा काठ. नीट पाहायला मला गाल उचलावा लागत होता. "गाल उचललास की संपलं. रेल माणसाच्या मापाची घ्यायची गो बाय, फोटोच्या नाय." तिसरी रेल बुटकी, साधी, एकसंध पट्टीची आली. ती त्यांनी पसंत केली तेव्हा मला दहावी पास झाल्याएवढा आनंद झाला.

स्क्रू आवळून झाले की काका खिशातून नेलपॉलिशची बाटली काढायचे. डाळिंबी रंग. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर आणि रेलवर मिळून एक ठिपका द्यायचे. स्क्रू जरा जरी फिरला तर ठिपका तुटतो आणि लगेच दिसतं. ती बाटली काकूंची. काकू जाऊन सहा वर्षं झाली होती. पॉलिश घट्ट झालं की काका त्यात दोन थेंब पातळ करायचं औषध टाकायचे, दुसरी बाटली घ्यायचे नाहीत. एकदा मी म्हटलं, "काका, मी आणून देते ना नवीन." ते म्हणाले, "रंग खूप मिळतात."

आणखी एक गोष्ट आम्ही सगळे कौतुकाने सांगायचो. टपरीवरचा बिनसाखरेचा चहा उकळता यायचा, आमच्या हातात काच धरवायची नाही, आणि काका तो ग्लास मुठीत धरून गप्पा मारायचे. "काकांचे हात लोखंडाचे," असं आम्ही पाहुण्यांना दाखवायचो. काकांना डायबेटिस होता, आणि त्याने बोटं बधिर होतात हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं असं नाही. पण कौतुकाच्या भरात तसं पाहिलंच नाही.

माझी रेल बसली. ती मागे सरकू नये म्हणून काकांनी एका छोट्या खिळ्यासाठी भोक पाडलं, पुसलं, नख फिरवलं, चार स्क्रू, चार ठिपके. वर दुर्बिणीच्या कड्यांवरही ठिपके. दहा मीटरवर छर्रे बरोबर मध्यात. पंचवीसवर मात्र सगळे डावीकडे. आठ दिवस मी श्वास तपासला, खांदा तपासला, स्वतःला शिव्या घातल्या. मग एका रविवारी मुलुंडला घरी, जेवणाच्या टेबलावर, मी चारही स्क्रू सोडून रेल उचलली. खाचेत लोखंडाचा एक किस होता. भोक पाडताना पडलेला, कुरळा, चांगला नखाला लागेल एवढा.

ज्या माणसाने मला कणाची भीती शिकवली, त्याचं नख या किसावरून गेलं होतं आणि त्याला कळलं नव्हतं. मी खाच साफ केली, रेल पुन्हा बसवली. मग प्रश्न आला ठिपक्यांचा. खाली जाऊन दुकानात चार बाटल्या पाहून जवळचा रंग आणला आणि चार ठिपके दिले. का? दया आली म्हणून. या वयात म्हाताऱ्याचं एवढं एकच काम उरलंय, ते आपल्या तोंडून कशाला जायला हवं, असं वाटलं. फार मोठ्या मनाची आहे मी, असंही वाटलं, खोटं कशाला सांगू.

पुढच्याच आठवड्यात काकांनी तन्वीची रेल बसवली. तन्वी घाटकोपरची, शाळेत शिकवायची, आणि आंतरक्लब सामन्यासाठी वर्षभर शनिवार-रविवार घासत होती. मी तिथे होते. काकांनी डोळे मिटून नख फिरवलं तेव्हा मी दोन पावलांवर उभी होते. मी नख फिरवून पाहायला हवं होतं. मी चहा सांगायला गेले.

सामन्यात पहिले वीस छर्रे तन्वीने सुरेख मारले. मग खालचा कण चिरडला असावा. रेल ढिली पडली आणि छर्रे वाट फुटेल तिकडे जाऊ लागले. ती शेवटून दुसरी आली. एका कोपऱ्यात रायफल पुसत बसली होती, वर मान न करता. काकांनी तिथेच रेल उघडली. खाचेत चुरा. मग त्यांनी त्यांच्या हातून गेलेली प्रत्येक रायफल टेबलावर मागवली.

माझी पाहताना ते थांबले. वरच्या कड्यांवरचे ठिपके पाहिले, खालच्या रेलवरचे पाहिले. "हो रंग तिचो नाय," एवढंच म्हणाले.

मी सगळं सांगितलं. राग आला की काका मालवणी सोडून अगदी स्वच्छ मराठी बोलायचे. "त्या दिवशी सांगितलं असतंस तर मी त्याच दिवशी हात आवरला असता. तू माझी लाज राखलीस, बाय, आणि त्या पोरीचं वर्ष घालवलंस."

मग त्यांनी टेबलाच्या खणातून टाचणी काढली, माझ्या हातात दिली, अंगठा पुढे केला आणि मान भिंतीकडे वळवली. "टोच."

मी टोचली.

"टोचलीस?"

"हो, काका."

"डॉक्टर पायांचं बोललेले," ते म्हणाले. "हातांचं माझ्या डोक्यात नव्हतं आलं." मी तिथे सगळ्यांसमोर रडले. ते रडले नाहीत. त्यांनी तन्वीला बोलावून तिच्यासमोर हात जोडले, आणि ते पाहणं मला रडण्यापेक्षा जड गेलं. मी पुढे होऊन तिला माझी चूक सांगितली. ती मला फक्त "बरं" म्हणाली.

त्या दिवसानंतर काकांनी पाना हातात धरला नाही. मला मात्र सोडलं नाही. सहा महिने टेबलाशी मला बसवलं, स्वतः बाजूच्या स्टुलावर. नख वाढवायला लावलं. गावी जायच्या दिवशी त्यांनी बाटली माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "तुझ्या रेलवरचे ते ठिपके खरवडायचे नाय. तसेच ठेव."

कुडाळहून फोन यायचा. तब्येतीचं विचारलं की टाळायचे, आणि ठेवण्याआधी एकच प्रश्न: "ठिपके आसत मा?"

"आहेत काका."

गेल्या माघात ते गेले.

परवा तन्वीची नवीन रेल बसवायची होती. मी पुसलं, नख फिरवलं, रेल आणि स्क्रू हातात घेतले. आता मी कुणाचंही काम असो, आवळण्याआधी खाच त्याच्यापुढे करते आणि म्हणते, तूही बघ, आणि काही लागलं तर तोंडावर सांग. तन्वीने नख फिरवलं. मध्येच थांबली. माझ्याकडे पाहिलं.

"ताई, इथे लागतंय काहीतरी."

क्षणभर कान तापले माझे. मग मी भिंग लावून पाहिलं. खरंच कण होता, इवलासा. मी तिला "थँक्यू गं" म्हटलं, रेल परत खाली ठेवली, आणि काकांना हे सांगायला म्हणून फोन हातात घेतला. नंबर काढला, आणि मग आठवलं.