नगरला, एका हबशी वजिराचं गाणं ऐकायला

जर्मनीचा व्हिसा हातात आला आणि मला घरात बसवेना. नवरा आधीच तिकडे गेलेला, माझं विमान महिन्यावर. बॅगा भरायच्या, उपसायच्या, परत भरायच्या, एवढंच चाललं होतं. तेवढ्यात नगरहून वैशालीचा फोन आला. ही माझी कॉलेजची मैत्रीण, नागापूर एमआयडीसीजवळच्या शाळेत इतिहास शिकवते. म्हणाली, "रविवारी आमचं संगीत नाटक आहे. येतेस?" मी लगेच निघाले.

पुण्याहून सकाळची पहिली एसटी पकडा, वाघोलीची गर्दी टळते. बायकांना अर्धं तिकीट आहे. सुप्याला गाडी चहाला थांबली, तर मला तेही सहन होईना. नगरात आधी भुईकोट किल्ला गाठला. तो लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे ओळखपत्र जवळ ठेवा. तिथेही पाय ठरेना. अर्धाच बघून वैशालीकडे गेले. तिने हुलग्याचे शेंगोळे केले होते. गरम असतानाच खायचे, नाहीतर मजा नाही.

दुपारी शाळेत गेलो. नाटक होतं आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या आणि पुढे निजामशाहीचा वजीर झालेल्या माणसाचं. "मुख्याध्यापकांना पटत नव्हतं," वैशाली म्हणाली. "आज फसलं तर पुन्हा नाव काढायला नको."

कलाकार म्हणजे मुलांचे पालक. वजीर होता हरेंद्र, बिहारहून आलेला लेथवरचा कामगार. पेटीवर त्याचेच सुपरवायझर, शिंदेमामा.

सुरुवातीला गुलामांच्या बाजारात मालक पोराला नवं नाव देतो. शेवटी मरणाला टेकलेला म्हातारा वजीर आईची हाक आठवून गातो. त्या गाण्याच्या दोन ओळी म्हणून हरेंद्र थांबला. पेटी तीच ओळ वाजवत राहिली. कुजबुज सुरू झाली. वैशालीने माझं मनगट घट्ट धरलं.

मग त्याने वेगळेच सूर लावले. "हरेंदरवा, घरे आव, साँझ भइल." हरेंदर, घरी ये, सांज झाली; त्याच्या भोजपुरीतले एवढेच शब्द तो आळवत राहिला. शिंदेमामांची बोटं क्षणभर चाचपडली, आणि पेटी त्याच्या मागून चालू लागली. कुजबुज थांबली.

नाटक संपल्यावर सातवीतल्या एका मुलीने वैशालीला गाठलं. "टीचर, वजीर वारला हे त्याच्या आईला कुनी कळवलं?"

"माहीत नाही गं. पुस्तकात नाही ते."

"मंग तिला कळलंच नसंल."

मुख्याध्यापक तिथेच उभे होते. पुढच्या वर्षीच्या नाटकाचं विचारून गेले.

पेटी आवरताना शिंदेमामा मला म्हणाले, "लई वर्षं आमी त्याला भैयाच म्हनतो. नाव मस्टरवर हाय, पर तोंडात कदी आलंच न्हाई." मग त्यांनी दाराकडे बघून हाक मारली, "हरेंदर, चहा घे." तो रंग न पुसताच बाहेर उभा होता, आईला फोन लावत. त्याने हातानेच 'आलो' अशी खूण केली.

परतीच्या एसटीत झोप लागली नाही. अस्वस्थपणाही गेला नाही. बॅगा अजून तशाच पसरल्यात. पण सोमवारी भाषेच्या ऑनलाइन वर्गात शिकवणाऱ्या जर्मन बाई मला म्हणाल्या, "मृण्मयी अवघड जातं. मिया म्हणू का?"

मी नको म्हटलं. त्यांनी पुन्हा पुन्हा नाव चुकवलं. मी पुन्हा पुन्हा, सावकाश, सांगत राहिले.