फळीवरची औषधे आणि कमलवहिनींचा हात

विंझर गावच्या कोंबडीखाद्याच्या दुकानात आलेले प्रत्येक पोते मोजून घेतले जाते. दुकानापुढच्या बाकावर उतरणारे किस्से मात्र कोणी मोजून घेत नाही, त्यामुळे ते साठत जातात.

बाकावर आम्ही तिघे. बबनराव, ज्यांचे ब्रॉयलर कोंबड्यांचे शेड आहे, ज्ञानोबा, ज्यांचे काहीच नाही, म्हणून ज्यांना सर्वांविषयी बोलता येते, आणि मी. माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढचे मी वाचून केले. औषधाच्या खोक्यातील घडीचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा येथे मी एकटाच. त्यामुळे आयुष्यात एकही वर्ग न घेता मी ‘गुरुजी’ झालो.

पुढील सर्व किस्से एका हाताभोवतीचे आहेत. तो हात बबनरावांच्या पत्नीचा, कमलवहिनींचा. आणि तो जाण्याची वेळ आली होती. तरीही जेथे हसू आले, तेथे आम्ही हसलो.

*

नवी पिल्ले आली की पहिल्या दिवशी त्यांना गुळाचे पाणी देतात. प्रवासातून आलेल्यांचा तो मान! बबनराव त्या पाण्यात प्रतिजैविकाची पुडीही सोडीत. रोगाचे निदान झाल्यावरच औषध द्यावे, असे कागदावर छापलेले मी वाचून दाखविले.

“आवं गुरुजी, आजारी पडायची वाट कशापायी बघायची?”

“मग बबन्या,” ज्ञानोबा म्हणाले, “तूबी रोज चहातनं घेत जा की!”

“रोज न्हाई, सर्दी झाली की घेतो,” बबनराव शांतपणे म्हणाले. “गुरुजी, कागदावर कोंबडीच्या वजनाचं माप दिलंय. माझ्या वजनाला किती, त्येवढं बघा की!”

*

शेडातील खाद्याचे भांडे घासताना पत्र्याची कड वहिनींच्या उजव्या तळव्यात शिरली. त्यांनी हळद दाबली, फडके बांधले आणि उरलेली भांडी घासून पुरी केली. चौथ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला. गोळ्या झाल्या, इंजेक्शने झाली, सूज हटेना. वहिनींचे माहेर भाटघरचे. भावाने त्यांना भोरच्या एका दवाखान्यात दाखल केले.

डॉक्टरीणबाईंनी जखमेतील पू तपासणीस पाठविला आणि स्पष्टच सांगितले, “औषध लागू पडलं नाही, तर हात वाचवणं अवघड आहे.”

“डावा ऱ्हातूय न्हवं?” वहिनींनी विचारले.

“हो, तो राहील.”

“मग ह्यांस्नी आत बोलवा. उजवा हाय तवर भाकरी थापाया शिकवते!”

*

तपासणीचा निकाल येईपर्यंत आम्ही तिघे दवाखान्याच्या ओसरीत बसून होतो. बबनरावांना धीर यावा म्हणून, औषध का लागू पडत नाही, हे मी सविस्तर समजावून दिले. औषधाने दुबळे जंतू मरतात. एखादा चिवट उरतो. त्याची प्रजा वाढते, तीही चिवट. पुन्हा तेच औषध दिले की त्यातून आणखी चिवट उरतात.

बबनरावांनी मान वर केली. “म्हंजी आमी बियाण्याला भात निवडतो तसं?”

“अगदी तसेच.”

ज्ञानोबांनी तंबाखू मळण्याचे थांबविले. “बबन्या, इतकी वर्सं भाताची एक जात धड निवडाया जमली न्हाई तुला. आणि हितं बघ, केवढं काम करून बसलास!”

बबनराव हसले. मग त्यांनी भिंतीकडे तोंड फिरविले.

*

निकाल आला. जी औषधे निरुपयोगी ठरली, त्यांची नावे डॉक्टरीणबाई वाचू लागल्या. तिसऱ्या नावानंतर पुढची नावे बबनरावच सांगू लागले, आणि एकही चुकले नाही!

“तुम्ही औषधांच्या दुकानात आहात का?”

“न्हाई मॅडम. कोंबड्या पाळतो. ही समदी आमच्या फळीवरची हाईत.”

जंतू शेडातूनच आला, असे त्या कागदात लिहिलेले नव्हते, आणि जे लिहिलेले नाही ते मी सांगणार नाही. यादीत तळाशी एक औषध मात्र उरले होते. त्याचे नाव मी वहीत उतरवून घेतले. ते सलाइनमधून सुरू झाले. तिसऱ्या दिवशी वहिनींनी करंगळी हलविली, आणि पहिली गोष्ट कोणती केली, तर त्याच करंगळीने ज्ञानोबांना तंबाखू थुंकण्यासाठी बाहेरचा रस्ता दाखविला!

*

वहिनींच्या भावजयीने भाटघरहून कोंबडीचा रस्सा आणला. वहिनींनी वास घेतला.

“कुठली?”

“दारातली, वन्सं. गावठी.”

“मग वाढ.”

शेजारच्या खाटेवरील बाई म्हणाल्या, “तुमचं तर मोठं शेड हाय म्हनं. शेडातली न्हाई खात?”

“छ्या! ती लोकांसाठी!”

वहिनी हे बोलल्या आणि स्वतःचेच वाक्य ऐकून त्यांनी वाटी खाली ठेवली. रस्सा निवून वरचा तवंग थिजेपर्यंत ती वाटी तशीच होती.

*

घरी येताच वहिनींनी औषधांची फळी रिकामी केली. पाण्याची टाकी घासून घेतली, चुना मारला, शेडाच्या दाराशी पाय बुडविण्यास जंतुनाशक पाण्याचे घमेले ठेवले. लस तेवढी वेळच्या वेळी. एकदा बबनराव पाय न बुडविता आत गेले, तेव्हा वहिनींनी बाहेरून कडी लावली.

“अगं, भूक लागलीया!”

“खाद्य हाय की आत!”

औषधाविनाही पिल्लांच्या त्या बॅचमध्ये मरतूक वाढली नाही. हे मी स्वतः शेडात जाऊन पाहिले आहे. पाय बुडवून!

*

पिल्ले, खाद्य आणि औषध देणाऱ्या कंपनीचे साहेब पुढच्या फेरीस आले. चार कोंबड्या शिंकताना ऐकून त्यांनी गाडीतून खोके काढले. “वहिनी, नवीन आहे. एकदम स्ट्राँग. आजपासून सगळ्यांच्या पाण्यात सोडा.”

वहिनींनी ते खोके माझ्यापुढे केले. “गुरुजी, नाव वाचा.”

मी वाचले. वही काढली. पुन्हा वाचले.

“त्येच? माझ्या सलाइनमधलं?”

“तेच.”

वहिनींनी खोके साहेबांच्या हाती परत दिले. “ह्ये नगं.”

“कंपनीचा नियम आहे, वहिनी. नाही म्हणालात तर पुढची पिल्लं मिळणार नाहीत.”

बबनरावांनी वहिनींकडे पाहिले.

वहिनींनी उजवा तळवा साहेबांच्या डोळ्यांपुढे उघडला. मनगटापर्यंत गेलेला व्रण अजून लालसर होता.

“पिल्लं नगा देऊ साहेब. पर परत असं झालं, तर ह्यो हात कंच्या औषधानं वाचवायचा, त्येवढं ह्या खोक्यावर लिहून द्या!”

साहेबांच्या खिशाला दोन पेने होती. त्यांतले एकही बाहेर निघाले नाही.