पाळी थांबली तेव्हा मायनं नारळ फोडला

“हा गर्भाशयाचा टीबी आहे,” बुलढाण्याच्या डॉक्टरबाई म्हणाल्या.

मायला ते पटेना. “टीबी तं छातीले होते, बाई. हिचा पाय अधू हाये.”

टीबी म्हणजे क्षय. तो पिशवीलाही, म्हणजे मूल वाढतं त्या जागेलाही लागतो, हे आम्हा दोघींना तिथंच कळलं. पिशवीचं अस्तर खरवडून नागपूरला तपासायला पाठवलं होतं, त्याचा निकाल आला होता. मी तेव्हा विशीत होते.

लहानपणी पोलिओनं माझा डावा पाय गेला. मायच्या खांद्यावर हात ठेवून मी चालते. पण पाळी आली की गोठ्याशेजारच्या छपरीत बसावं लागे, आणि विटाळ म्हणून त्या दिवसांत तिचा खांदाही मिळत नसे. मी अंगणातून बसल्या बसल्या सरकत जाई. माय दुरून बघे आणि पदरानं डोळे पुसे.

म्हणून पाळी थांबली तेव्हा तिनं देवीला नारळ फोडला. देवीनं लंगडीवर दया केली, असं शेजारणींना सांगत सुटली. मलाही सुटल्यासारखं वाटलं. ओटीपोट दुखायचं, संध्याकाळी कणकण यायची. ते सगळं आम्ही पायावर ढकललं. मोताळ्याचा हाडवैद्य दोन वर्षं कमरेला तेल चोळत राहिला. लंगड्या पोरीलाही पिशवी असते, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

मग स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं सुरू झाली. हे क्षयावरचं औषध. डाव्या बाजूला मांसच नाही, म्हणून सगळी उजवीकडे. चांगला पायही ठणकू लागला आणि मी खाटेला खिळले. वॉर्डात येणारी प्रत्येक बाई मायला विचारी, “पायासाठी आनलं का हिले?” माय हो म्हणे. मी भिंतीकडे तोंड करून पडून राही.

ताप गेला. अंगावर थोडं मांस चढलं. शेवटच्या तपासणीला डॉक्टरबाई म्हणाल्या, “जीव वाचला. पण नळ्या बंद झाल्यात.” नळ्या म्हणजे बीज पिशवीपर्यंत जायची वाट. मूल होणार नाही. लवकर आणलं असतं तर कदाचित, एवढं बोलून त्या थांबल्या.

“जाऊ द्या, बाई,” माय म्हणाली. “हिच्याशी लगन कोन करून राह्यलं?”

डॉक्टरबाई माझ्याकडे वळल्या. “तुला मूल हवं होतं?”

“हाव,” मी म्हणाले, आणि मला रडू आवरेना.

माय माझ्याकडे बघतच राहिली. “तुलेबी पायजे व्हतं?”

इतकी वर्षं मी तिच्याच कुशीत निजत होते.

तुमच्या घरी अशी मुलगी असेल आणि तिची पाळी थांबली, तर दवाखाना गाठा. तिला काय हवं ते तिलाच विचारा, आणि वेळेत विचारा. डॉक्टरबाईंचे उपकार मी विसरणार नाही, कारण मला विचारणाऱ्या त्या पहिल्या. पण तोवर माझ्या उत्तराचा कुणालाच काही उपयोग उरला नव्हता.