पडायचा तास

माझ्या कबड्डी संघातल्या सगळ्यात चपळ पोरीचं मनगट सरावात मोडलं, तेव्हा तिचे वडील शाळेत येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, लेकरू तुमच्या भरोशावर सोडलं होतं." मी खेळाची शिक्षिका, तोंडानं फटकळ. चाकूर तालुक्यात माझ्या शिट्टीपेक्षा माझाच आवाज लांब जातो. पण त्या दिवशी मान खाली घालून ऐकून घेतलं. बाकीचे पालकही जमले होते. त्यांनी सरळ सांगून टाकलं, आणखी एकीचं हाड मोडलं तर शाळेत पोरींची कबड्डी बंद.

घरी जाऊन नुसती चडफडले. तिचं पडणं डोळ्यांपुढून हलेना. तोल जाताच तिनं हात ताठ पुढं टेकला होता, सगळा भार एका मनगटावर. दुसऱ्या दिवशी नीट बघितलं, तर सगळ्याच तशा पडत होत्या. पोरं चिंचेवरून, सायकलवरून पडून पडून शिकतात. पोरींना लहानपणापासून एकच ऐकवलेलं, पडशील गं, उतर खाली! पडायचं कसं हेच बिचाऱ्यांना माहीत नव्हतं.

मग चढाई बंद, पकड बंद. बांगड्या, पैंजण, पिना काढून डब्यात. शाळेमागच्या शेतात सोयाबीनची मळणी झाली होती. मालकाला विचारून भुसकट आणलं आणि मैदानात जाड थर पसरला. "हनुवटी छातीला, हात आत, खांद्याच्या मागच्या अंगावर पड अन् लोळ!" आधी मीच लोळून दाखवलं आणि संध्याकाळपर्यंत अंग खाजवत बसले. पोरींची हसून हसून पुरेवाट झाली.

गावाला आयता विषय मिळाला. "बाई पगार घेऊन पोरींना पडायला शिकवून राहिल्यात!" मुख्याध्यापकही कुरकुरले, "मॅडम, स्पर्धा तोंडावर आलीय. खेळायला कधी शिकवणार?"

"पडायची भीती गेली की," मी म्हणाले. सांगते, त्या महिन्यात माझी लई जिरवली लोकांनी.

त्या पोरीचं प्लॅस्टर निघालं, तरी डॉक्टर हो म्हणेपर्यंत मी तिला रेषेच्या आत येऊ दिलं नाही. रडली, माझ्याशी बोलेना. नंतर तीही त्या भुसकटात सगळ्यांच्या बरोबरीनं लोळली. शेवटी वडील म्हणाले, "खेळू द्या, पण मी संगं येणार. जरा काही झालं की तिथूनच घरी नेणार."

नांदेडला विभागीय अंतिम सामना. आम्ही एका गुणानं मागं, शेवटची चढाई तिची. एकीला शिवून वळली तोच दुसरीनं घोटा धरला, तिसरीनं अंगावर झेप घेतली आणि तिघी धाडकन खाली. दोरीपलीकडून तिच्या वडिलांचा एक पाय आत आलाच होता.

तिनं हात पोटाशी घेतला होता! हनुवटी छातीला, खांद्यावरून गर्रकन लोळली, घोटा सुटला आणि बोटं मधल्या रेषेवर टेकली. शिवलेली एक अन् धरणाऱ्या दोघी, पंचांनी तीन गुण दिले. आम्ही जिंकलो! मी तर तिथंच फतकल मारून ढसाढसा रडले.

ती उठली, माती झटकली आणि वडिलांकडं बघून मनगट गरागरा फिरवून दाखवलं. त्यांनी शेजारच्या अनोळखी माणसाचा दंड धरून त्याला गदागदा हलवलं. डोळे भरलेले, आवाज चढलेला, "बघितलंत का हो? कशी पडली माझी लेक!"