जनरेटरच्या हवेतलं शून्य

"भूकंपातून वाचलीस ती काय गाड्यांचा धूर हुंगायला?" माझे वडील, अण्णा, विचारायचे. भूकंपात गावाकडचं घर बसलं आणि आम्ही लातूरला आलो. आणि लातुरात वाढलेल्या पोरीनं डॉक्टरच व्हायचं असतं! माझं मेडिकल हुकलं, तेव्हा रिपीटर बॅचला बसायला मी साफ नकार दिला. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकले आणि एका कोचिंग क्लासशेजारच्या गाळ्यात गाड्यांचा धूर तपासायचं पीयूसी सेंटर टाकलं. अण्णांची अट होती: दिवाळीपर्यंत चाललं तर ठीक, नाही तर गाशा गुंडाळायचा आणि नांदेडच्या स्थळाला होकार द्यायचा.

सेंटर तुफान चाललं, कारण माझ्याकडे सगळ्याच गाड्या पास होत होत्या. काळा धूर ओकणारी खटारा व्हॅनसुद्धा. अण्णा खूश. मला मात्र जेवण गोड लागेना. एकदा सहज यंत्राची नळी मोकळ्या हवेत धरली, तर आकडा उणे आला. हवेत उणे विष असतं होय?

मी यंत्र खोललं. एका टोकाला तापलेली बारीक तार, ती डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टाकते. मधे धूर भरलेली नळी. दुसऱ्या टोकाला सेन्सर. धुरातला कार्बन मोनॉक्साइड जितका जास्त, तितका प्रकाश तो गिळतो आणि सेन्सरचं व्होल्टेज उतरतं. ते इतकं नाजूक की अॅम्प्लिफायरनं मोठं केल्याशिवाय कामाचं नाही. मग चिप त्याचा आकडा करते. पण शून्य कुठलं, हे चिपला कळत नाही. ती आधी बाहेरची हवा ओढते आणि तेव्हा जे दिसेल त्याला शून्य धरते. तार, सेन्सर, सगळं ठणठणीत होतं.

मग मागची खिडकी आठवली. शून्यासाठी हवा ओढणारी नळी मी तिथून बाहेर सोडली होती आणि लोडशेडिंग सुरू झालं की बरोबर तिच्याखाली क्लासचा रॉकेलवरचा जनरेटर धडधडायचा. माझं यंत्रही त्याच्याच विजेवर चालू व्हायचं आणि तेव्हाच शून्य धरायचं. माझं यंत्र त्याच्या धुराला शुद्ध हवा समजत होतं.

"राहू दे की," अण्णा म्हणाले. "लोक यायलेत. धंदा बुडवतीस का?"

"खोटं शून्य मी ठेवणार न्हाई."

मला भयंकर राग आला होता. या गावानं माझंही शून्य असंच भलत्या हवेत लावलं होतं. डॉक्टर नाही म्हणजे उणे. मी लांब नळी आणली, थेट गच्चीवर नेली आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. पहिलीच गाडी आली ती अण्णांची, क्लासची पोरं ने-आण करणारी पेट्रोल व्हॅन. फेल.

"घरच्या गाडीला फेल?" अण्णा ओरडले. रांगेतले दोघे गुपचूप गाड्या वळवून निघून गेले.

"कार्बोरेटर साफ करून आणा," मी म्हणाले.

त्या आठवड्यात गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. अण्णा सेंटरकडे फिरकले नाहीत. मग दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी अण्णांची व्हॅन दारात उभी राहिली. मी नळी घातली. पास. अण्णांनी मान वर करून गच्चीकडे पाहिलं.

"झिरो बराबर हाय का?"

"हाय," मी म्हणाले. "आता नांदेडला कळवा, पोरगी कामात हाय म्हणून."